पॉइंटांवरचं माहेरपण

माझ्याकडे तीन रिसॉर्टांचे पॉइंट आहेत, हे मी नव्या माणसाला ओळख झाल्यापासून पाचव्या मिनिटाला सांगते. आमचे हे म्हणतात, दुसऱ्या. सातव्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाईंना मी लिफ्टमध्ये तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत अख्खी योजना समजावली होती, आणि माझा मजला आला तरी दार पायाने अडवून पुढचं सांगत उभी होते. त्या बाई आता जिन्याने जातात. गुडघ्यांना व्यायाम, म्हणतात.

तेव्हा इथे थोडक्यात सांगते. रिसॉर्टवाले आपल्याला खोली विकत नाहीत. ते वीस-पंचवीस वर्षांचा करार करतात आणि दर वर्षी आपल्या नावावर पॉइंट टाकतात. ते द्यायचे आणि तिथे जाऊन राहायचं. दिवाळी, नाताळ, मे महिना म्हणजे तांबडा हंगाम. तेव्हा पॉइंट पाण्यासारखे जातात. कुणालाच सुट्टी नसते तो हिरवा हंगाम. तेव्हा थोडक्या पॉइंटांत दरीकडे तोंड असलेली, बाल्कनीत झोपाळा असलेली खोली मिळते. मार्चअखेरपर्यंत वापरले नाहीत तर त्या वर्षाचे पॉइंट गेले. पुढच्या वर्षाचे आगाऊ उचलता येतात. एका कंपनीचे दुसरीकडे चालत नाहीत, पण अदलाबदल करून देणारं एक तिसरंच ऑफिस आहे, त्याचा फोन लागला तर चालतात. एवढं कळलं की पुरे. बाकीचं मी लिफ्टमध्ये सांगेन.

तिन्ही करार मी शुद्धीवर असताना केले, हेही सांगून टाकते, कारण घरात त्याबद्दल शंका आहे. पहिल्या वेळी पनवेलच्या एका मॉलमध्ये नवी कोरी गाडी उभी होती आणि तिच्याशेजारी चिठ्ठ्या टाकायची पेटी. मी चिठ्ठी टाकली. चार दिवसांनी फोन आला, बक्षीस लागलंय, नवरा-बायको दोघांनी मिळून न्यायला या. एकट्या माणसाला बक्षीस नाही, ही त्यांची अट. हे बंदरात क्रेन चालवायचे, तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते, आणि डोळे उघडे ठेवून झोपायची कला त्यांनी तिथेच कमावली असावी असा मला संशय आहे. तीन तास ते तसेच झोपले. मी मात्र शब्दन्‌शब्द ऐकला. गळ्यात रुमाल बांधलेल्या बाईंनी मला एका दरीचा फोटो दाखवला आणि म्हणाल्या, "ताई, ही तुमची." मला आयुष्यात कुणी दरी दिली नव्हती. मी सही केली. बक्षीस म्हणून कॅसरोल मिळाला, तो अजून वापरात आहे.

दुसरा करार समुद्राकाठचा. तो एका प्रदर्शनात लोणची बघता बघता झाला. तिसरा जंगलातला. रुमालवाल्या बाईंनी कंपनी बदलली आणि मला फोन केला, की नव्या जागी पहिली सही तुमची हवी, तुमचा हात लागला की माझं चांगलं होतं. असं म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? ह्यांनी म्हटलं असतं, पण ते झोपले होते.

डोंगर, समुद्र, जंगल, तिन्ही माझं. फ्रिजवर मोठं कॅलेंडर लावून मी त्यात तीन रंगांनी हंगाम भरले. बुकिंग सकाळी नऊला उघडतं, म्हणून पावणेनऊला आंघोळ करून, देवाला हळदकुंकू वाहून, मी फोन घेऊन बसायची. खोली मिळाली की स्वयंपाकघरात एक गिरकी. हे विचारायचे, "आता कुठं?" मी सांगायची. ते म्हणायचे, "परवाच तर आलो." खरंच आलेलो असायचो.

आता नणंदांविषयी सांगायला हवं. ह्यांना तीन बहिणी. थोरल्या ह्यांच्याहून बारा वर्षांनी मोठ्या, चिरनेरला दिलेल्या. मधल्या उरणला, धाकट्या पेणला. आमचं गाव पनवेलच्या खाडीकडेला होतं. भात झोडून घरात आलं की तिघी माहेरपणाला यायच्या, चांगल्या आठ दिवस. ओटीवर तिघींची बैठक बसायची, गप्पांना ऊत यायचा, तिघींचं हसणं खाडीपलीकडे ऐकू जाईल असं. मग विमानतळासाठी गाव उठलं. बदल्यात प्लॉट मिळाला. ह्यांच्या मनात होतं त्यावर पुन्हा तसंच घर बांधायचं, ओटीचं, मागच्या पडवीचं. मी फ्लॅटचा हट्ट धरला. महिनाभर धरला. शेवटी प्लॉट तसाच राहिला आणि आम्ही नव्या पनवेलमध्ये चौथ्या मजल्यावर आलो.

थोरल्या ताई फ्लॅटवर एकदाच राहिल्या. त्यांना हॉलमध्ये सोफा उघडून पलंग करून दिला होता. त्यांनी कूस बदलली की तो कुरकुरायचा, आणि त्या रात्रभर कूस बदलत होत्या. सकाळी चहाच्या आधीच पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "तुझ्या बायकोनी माझं माहेर डब्यात भरलं." त्याला चार वर्षं झाली. चार वर्षांत त्या आल्या नाहीत. बाकीच्या दोघी तासाभरासाठी यायच्या, चहा घेऊन जायच्या. ह्यांनी फोन केला तर थोरल्या बोलायच्या. फोन मी हातात घेतला की म्हणायच्या, "माझ्या सुनेला देते."

मला हे फार लागत होतं. वरून मी म्हणायचे, नाही तर नाही, कुणाची मिजास किती सांभाळायची. पण ह्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, त्याचा जास्त त्रास व्हायचा. दिला असता तर भांडून मोकळी झाले असते. त्याऐवजी ते भात झोडायच्या दिवसांत नुसते खिडकीशी उभे राहायचे. थोरल्या ताई पुन्हा माझ्या हातचं माहेरपण घेणार की नाही, एवढा एकच प्रश्न माझ्या घरात होता, आणि तो कुणी बोलून दाखवत नव्हतं.

त्या जानेवारीत मी कॅलेंडरासमोर उभी होते. तिन्ही ठिकाणचे पॉइंट एकदमच मरायला टेकले होते. फेब्रुवारी सगळा हिरवागार, कुणालाच सुट्टी नाही. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिघींना डोंगरावर न्यायचं. चार खोल्या, तीन नणंदांच्या तीन आणि आमची एक. नवरे नाहीत, पोरं नाहीत, नातवंडं नाहीत. नुसत्या लेकी. मी ह्यांना हलवून उठवलं आणि सांगितलं. ते उठून बसले. मग म्हणाले, "ताई येईल?" चार वर्षांत पहिल्यांदा ते त्याविषयी बोलले.

मी त्या आठवड्यात काय काय केलं ते आठवलं तरी माझी मलाच गंमत वाटते. दोन खोल्या डोंगराच्या करारातून मिळाल्या, त्यातली एक पुढच्या वर्षीचे पॉइंट उचलून. तिसरी समुद्राचे पॉइंट देऊन अदलाबदलीतून. चौथीसाठी जंगल दिलं. अदलाबदलीच्या फोनवर संतूर वाजत राहायचं. मी तो फोन स्पीकरवर ठेवून पोळ्या केल्या, कपडे वाळत घातले, एकदा तर संतूर ऐकत ऐकत भाजीवाल्याशी घासाघीस केली. चौथी खोली पक्की झाली तेव्हा मी पलीकडच्या बाईंना आशीर्वाद दिला. समुद्र आणि जंगल पिळून एका डोंगरावर आणलं होतं मी. हे कुणाला जमतं?

ज्या क्रमाने खोल्या हाती लागल्या त्या क्रमाने मी नावं टाकत गेले. आधी धाकट्या, मग मधल्या, मग आम्ही, शेवटी थोरल्या. पाहुण्याचा मोबाइल नंबर सक्तीचा होता, तोही टाकला. म्हटलं, आता रविवारी नारळ घेऊन सावकाश निघू आणि तिघींना रीतसर बोलावू.

कंपनीने माझ्या रविवारची वाट पाहिली नाही.

आमच्यात लेकीला बोलावणं म्हणजे घरचं माणूस तिच्या दारात जातं. हळदकुंकू लावायचं, नारळ हातात द्यायचा, मग तोंडाने ये म्हणायचं. ती शेजारच्या आळीत राहत असली तरीही. आणि आधी थोरलीकडे जायचं, मग मधलीकडे, मग धाकटीकडे. यात चूक झाली तर वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं. आणि इथे सोमवारी धाकट्यांच्या फोनवर मेसेज पडला, आपल्या येण्याची आम्ही आतुरतेने वाट पाहत आहोत. धाकट्या हरखल्या. त्यांनी लगेच थोरल्यांना फोन करून विचारलं, तिथं थंडी असेल का, स्वेटर घ्यायचा का. थोरल्यांना कशाचाच पत्ता नव्हता. बुधवारी मधल्यांना मेसेज आला. त्यांनीही थोरल्यांनाच फोन केला. थोरल्यांचा मेसेज शुक्रवारी गेला, सगळ्यांत शेवटी, आणि त्यांच्या सुनेने तो मोठ्याने वाचून दाखवला. त्यात शेवटी लिहिलं होतं, येताना सरकारी ओळखपत्र सोबत आणावे.

संध्याकाळी ह्यांचा फोन वाजला. ह्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"मना माहेरी जायला आता ओळखपत्र दाखवाय लागेल काय?" थोरल्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी तशीच कंपनीला फोन लावला आणि विचारलं, धाकटीला गेलेला मेसेज परत घेता येईल का, आणि थोरलीचा सोमवारच्या तारखेने पुन्हा पाठवता येईल का. पलीकडची मुलगी म्हणाली, मॅडम, तसा पर्याय उपलब्ध नाही. मी तिला मान म्हणजे काय ते समजावलं, थोरली म्हणजे काय ते समजावलं. ती म्हणाली, आपला अभिप्राय नोंदवून घेतला आहे.

शनिवारीच निघालो. गव्हाण फाटा, दिघोडे, दोन्ही बाजूंनी कंटेनरच्या रांगा. हे गाडी चालवत होते आणि मी मांडीवर नारळ घेऊन उत्तरं पाठ करत होते. त्या असं म्हणाल्या तर मी तसं म्हणेन. तसं म्हणाल्या तर मी असं. चिरनेर येईपर्यंत माझी दहा उत्तरं तयार होती आणि दहाही भांडणाची होती.

थोरल्या ताई ओटीवर वालाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. ये म्हणाल्या नाहीत. मी वाकून नमस्कार केला, कुंकू लावलं, नारळ दिला. कुंकवाला कुणी नाही म्हणत नाही, तेवढं घेतलं. नारळ शेंगांच्या सुपाशेजारी ठेवला.

"कुठं बोलवतेस?"

"महाबळेश्वरच्या अलीकडं हाय, ताई. डोंगरावर."

"तिथं आपलं कोण राहातं?"

"कोण नाय. आपून जायाचं नि राहायाचं."

"मंग ते माहेर कसं?"

दहांपैकी एकही उत्तर या प्रश्नाला लागू होत नव्हतं. म्हणून मी जे मला उत्तम येतं ते सुरू केलं. पॉइंट सांगितले, तांबडा-हिरवा सांगितला, अदलाबदल सांगितली, संतूरसुद्धा सांगितलं. आणि थोरल्या ताईंनी ते सगळं ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, शेंगा खाली ठेवून. इतकं नीट माझं कुणीच ऐकलं नव्हतं, सही घेणाऱ्यांनीसुद्धा नाही.

"म्हंजे घर तुझं नाय, दिवस तुझे," त्या म्हणाल्या.

"हां."

"आणि ते दिवस नाय वापरले तर मरतात."

"हां."

"म्हंजे तुझं मरायला टेकलेलं दिवस वापराय आमी यायचं."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "ताई, माझ्याकं दुसरं काय हाय द्यायला? घर व्हतं ते गेलं. आता दिवस हायेत तर दिवस देते. घ्यायचे तर घ्या, नाय तर नाय." म्हणून झाल्यावर मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे ओटीच्या खांबाला टेकून उभे होते आणि या वेळी चांगले जागे होते.

त्यांच्या सुनेने चहा आणला, तो थोरल्या ताई प्यायल्या. कप खाली ठेवून म्हणाल्या, "भाकरतुकडा कोण ओवाळंल?"

"मी."

"दारात?"

"दारात."

"येते," त्या म्हणाल्या. "दोगी बयनी येतात म्हणून येते. तुझ्यासाठी नाय."

परतताना मी गाडीत मोठ्याने गाणं म्हणत होते. हे म्हणाले, तुझ्यासाठी नाही म्हणाली ती. मी म्हटलं, येते म्हणाली ना, पहिला अर्धा ऐका. मग त्याच दिवशी उरणला जाऊन मधल्यांना आणि रविवारी पेणला जाऊन धाकट्यांना नारळ दिला. मेसेज आधी पोचले होते, पण नारळ तरी क्रमाने पोचले.

फेब्रुवारीत एका सकाळी आम्ही पाच जण भाड्याच्या सुमोत बसून निघालो. थोरल्या पुढच्या सीटवर, मानाने. मागे आम्ही तिघी आणि सामानाच्या मधोमध हे. तांदळाचं पीठ, सुकट, बोंबलाची चटणी, आणि गोणपाटात गुंडाळलेलं एक मडकं, ज्याच्याबद्दल कुणी काही सांगेना. रिसॉर्टात सगळं मिळतं असं मी दहा वेळा सांगितलं होतं. कर्नाळा मागे पडेपर्यंत धाकट्या आणि मधल्यांनी सगळ्या नातेवाइकांचा समाचार घेऊन संपवला. पोलादपूरच्या घाटात आम्ही तिघी मागे इतक्या हसत होतो की ड्रायव्हरने आरसा फिरवून पाहिलं. थोरल्या समोर बघत बसल्या होत्या.

रिसॉर्टाच्या दाराचा विचार मी केला नव्हता, हे मला तिथे उतरल्यावर कळलं. लेक माहेरी आली की उंबऱ्याबाहेर थांबते, तिच्यावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकतात, मग ती आत येते. इथे उंबराच नव्हता. माणूस जवळ आलं की आपोआप सरकणारी काचेची दोन दारं होती. मी आत जाऊन तांब्यात पाणी घेतलं, भाकर घरून आणलेलीच होती, आणि येऊन मधोमध उभी राहिले. दारं उघडली. थोरल्या पायरीवर थांबल्या, पदर डोक्यावर घेतला. मी ओवाळायला लागले तर दारं मिटायला लागली. मी मागे झाले, ती उघडली. पुढे झाले, हात आत घ्यायच्या आत मिटायला लागली. स्वागताला उभा असलेला फेटेवाला गृहस्थ फुलांची माळ घेऊन माझ्या मागे, मी तांब्या घेऊन दारात, आणि दार आमच्या दोघांचं ऐकेना. शेवटी हे येऊन खांबासारखे दारात उभे राहिले, म्हणजे ते उघडं राहिलं. मी तुकडा ओवाळला आणि बाहेर भिरकावला. तो ह्यांच्या कानाला लागून काचेवर आपटला आणि रिसेप्शनच्या टेबलावर जाऊन पडला. मधल्या आणि धाकट्या खाली बसून हसायला लागल्या. थोरल्यांनी तोंडाला पदर लावला. हसू दाबायला की राग, ते मला दिसलं नाही.

मग ओळखपत्रं मागितली. थोरल्यांनी ते टेबलावर ठेवताना माझ्याकडे एकदा पाहिलं, मी खिडकीबाहेरच्या दरीकडे पाहिलं.

पुढचे दोन दिवस नुसता दंगा. मधल्यांना बाथटब म्हणजे काय ते कळलं, पण त्यात पाणी सोडणं पटलं नाही, म्हणून त्यात उशी टाकून त्या कोरड्याच बसायच्या आणि उरणला फोन करायच्या. धाकट्या झोपाळ्यावरून उतरेनात. साफसफाईच्या बाई सकाळी आल्या तर तिघींच्या खोल्यांतल्या गाद्या आवरलेल्या, केर काढलेला, टॉवेल धुऊन कठड्यावर वाळत घातलेले. त्या बाई हातात झाडू घेऊन बघतच राहिल्या, तर थोरल्यांनी त्यांनाच खुर्चीवर बसवून चहा पाजला. मी हवेत होते. खोलीखोलीतून फिरत होते, हे दाखव, ते दाखव, दरी दाखव. फक्त थोरल्या माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या, आणि माहेर हा शब्द त्यांनी अजून काढला नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी हिरवळीवर शेकोटी होती. रिसॉर्टाचा कार्यक्रम. पाहुण्यांनी गोल बसायचं आणि एकाने माइकवर खेळ घ्यायचे. तेव्हा गोणपाटातलं मडकं बाहेर आलं. तिघींनी दुपारीच बाल्कनीत बसून ते भरलं होतं, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा-मीठ, वर भांबुर्डीचा पाला ठासून. थंडीत निखाऱ्यांत भाजतात ती पोपटी. थोरल्या उठल्या, शेकोटीची लाकडं एका काठीने सराईतपणे बाजूला केली, मडकं उलटं घालून त्यावर निखारे ओढले आणि माइकवाल्याला म्हणाल्या, "चालू दे तुझं. अर्धा तास लागंल." मॅनेजर धावत आले. अशी परवानगी नाही म्हणाले. थोरल्या म्हणाल्या, "बसा." ते बसले. अर्ध्या तासाने मडकं उघडलं आणि वाफ सुटली तेव्हा खेळ सोडून सगळे पाहुणे आमच्याकडे. मॅनेजरने तीन वेळा घेतलं आणि नियमांचं नंतर बघू म्हणाले. तिन्ही बहिणींनी त्या निखाऱ्यांभोवती फेर धरला. थोरल्यांचा गुडघा दुखतो, तरी धरला. हे टाळ्या वाजवत होते. मला त्यांनी हाताने ओढून आत घेतलं, थोरल्यांनीच, आणि मी इतकी खूश झाले की गाण्याचे शब्दच विसरले.

शेवटच्या दिवशी सकाळी नाश्त्याला बसलो. दहाला खोल्या सोडायच्या होत्या. मांडलेल्या टेबलावरून हवं ते आपण आणायचं, अशी पद्धत. मी बसले की मधल्यांची चटणी संपायची, मी आणायची. बसले की धाकट्यांना चहा हवा असायचा. ह्यांना डोसा. थोरल्यांना भाकरी मिळतेय का म्हणून मी आत स्वयंपाकघरात जाऊन आले. माझ्या ताटात काहीच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. थोरल्या खायचं सोडून माझ्याकडे बघत होत्या.

"वयनी," त्या म्हणाल्या. "गाव उठलं त्या दिवशी समदी रडली. तू नाय रडली. मी बघत व्हते."

मला खोटं बोलता आलं असतं. पण मी दोन दिवस हवेत होते आणि हवेत असलेल्या माणसाच्या तोंडून काहीही निघतं.

"मना सुटल्यासारखं झालं, ताई," मी म्हटलं. "तुमी आठ दिवस यायच्या. दिवसाला पन्नास-पन्नास भाकऱ्या. तुमी ओटीवर हसायच्या ते मना चुलीपाशी ऐकू यायचं. काय हसता ते कळायचं नाय. वाटायचं, जाऊन बसावं. तीस वर्सं एकदा पण नाय बसले. म्हणून मी फ्लॅट मागितला. तुमचं माहेर मोडायला नाय मागितला."

हे सगळं मी ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. हे ताटाकडे बघत होते. धाकट्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, संपलं, चार वर्षांची आता चौदा होणार. त्या नादात मी पुन्हा उठले, थोरल्यांसाठी पाणी आणायला.

"बस," थोरल्या म्हणाल्या.

मी तशीच अर्धी उभी.

"बस म्हणते ना."

मी बसले. थोरल्या टेबलाला हात टेकून उठल्या, गुडघा सरळ केला आणि लंगडत लंगडत तिकडे गेल्या. त्यांना कशाला काय म्हणतात ते माहीत नव्हतं. प्रत्येक भांड्याचं झाकण त्या उचलून बघत होत्या, वाकून वास घेत होत्या, मागे रांग थांबली होती. मधल्या मदतीला उठायला लागल्या तर त्यांनी तिथूनच हाताने खूण केली, बसून राहा.

बऱ्याच वेळाने त्या आल्या. ताट माझ्यासमोर ठेवलं. शिरा होता, त्यावर सांबार ओतलेलं होतं, शेजारी पास्ता, कलिंगडाच्या दोन फोडी आणि एक उकडलेलं अंडं, जे त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सोलून आणलं होतं.

"खा," त्या म्हणाल्या. "निवांत खा. माहेरी कोण घाई करत नाय."

आणि त्या स्वतः बसल्या नाहीत. मी उठू नये म्हणून माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, वाढणाऱ्या बाईसारख्या, माझं होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मी सगळं खाल्लं, सांबारातला शिरासुद्धा.